ग्राहकाची माहिती : कायदा राज्याचा की केंद्राचा?

बेंगळूरु येथील आमच्या शाखेत एक निवृत्त ग्राहक आले होते. हप्त्याने वस्तू घेताना त्यांनी एका दुकानात आधारपत्राची छायाप्रत दिली, आणि तेव्हापासून कर्ज देऊ करणाऱ्यांच्या दूरध्वनींनी ते त्रासले होते. "कॅलिफोर्नियात राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, असे मुलगा सांगतो. मग कर्नाटकाचा का नाही?" असा त्यांचा प्रश्न होता.

अमेरिकेत या विषयावर संपूर्ण देशाचा एकच सर्वसमावेशक कायदा नसल्याने कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये आपला कायदा केला. नंतर इतर राज्यांनीही ती वाट धरली. आपल्या राज्यघटनेत मात्र बँकव्यवसाय व दूरसंचार हे विषय संघसूचीत आहेत, आणि कोणत्याच सूचीत न बसणारे विषयही संसदेकडेच जातात. तरीही या कायद्याचे मूळ याच शहरात आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि प्रमुख तरतुदींच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

या अधिनियमाचा गाभा म्हणजे संमती. ती सांगितलेल्या हेतूपुरती व त्यासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. अधिनियमातच उदाहरण आहे : दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याच्या ॲपने रुग्णाच्या फोनमधील संपर्कयादी मागितली व त्याने होकार दिला, तरी यादीपुरता तो होकार लागू होत नाही, कारण सल्ल्यासाठी ती लागतच नाही. शिवाय संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे लागते.

राष्ट्रीयीकृत बँकांवर तर १९७० च्या अधिनियमानेच ग्राहकाच्या व्यवहाराबाबत गुप्ततेचे बंधन घातले आहे. (बिघडलेल्या छायाप्रतींच्या पाठीमागे हिशेब मांडण्याची आमची सवयही त्यात बसत नाही!) मात्र खाते बंद करताच सर्व कागद नष्ट करा, ही मागणी मान्य करता येत नाही, अवैध संपत्ती प्रतिबंधक कायद्यानुसार ओळखीचे अभिलेख त्यानंतरही पाच वर्षे जपावे लागतात.

त्या ग्राहकांना आम्ही केवळ शेवटचे चार अंक दाखविणारे आधारपत्र कसे काढावे, हे दाखविले. दुकानदाराला छायाप्रतीचा जाब विचारणारे पत्र त्यांनी आमच्याच टेबलावर बसून लिहिले.