रणगाड्यांचं गाव नगरच का?

प्रश्न : पुण्याहून शिर्डीला जाताना आम्ही नगरला चहासाठी थांबतो. लष्करी गाड्यांची वर्दळ, कुंपणाआडच्या बराकी, मांडून ठेवलेले जुने रणगाडे हे सगळं पाहून मुलं दरवेळी विचारतात, ‘सीमा एवढी लांब असताना रणगाडे इथे कशाला?’ आम्हालाही उत्तर ठाऊक नाही. आज तिथे नेमकं काय चालतं, हेही सांगाल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : सीमा लांब आहे म्हणूनच! जिथे लढायचं, तिथे सहसा शिकवत नाहीत. नगरला, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, भारतीय लष्कराची रणगाड्यांची शाळा भरते. चिलखती दलाचा, म्हणजे आर्मर्ड कोअरचा, जवान राजस्थानच्या वाळूत लढो की पंजाबच्या कालव्यांवर, त्याचे धडे इथल्या माळावर गिरवले जातात.

मात्र सैन्य मुळात इथे आलं ते किल्ल्यामुळे. अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर वसवलं. इथला भुईकोट किल्ला चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध लढवला, १६०० मध्ये तो मोगलांकडे गेला. पुढे पेशवे आणि मग शिंदे असे धनी बदलले. पुण्याहून गोदावरीकडे आणि निजामाच्या मुलखाकडे जाणाऱ्या वाटेवर हा किल्ला बसलेला, त्यामुळे दख्खनमध्ये हालचाल करणाऱ्या कोणत्याही सैन्याला तो ओलांडून पुढे जाणं धोक्याचंच होतं. म्हणूनच आर्थर वेलस्लीने शिंद्यांविरुद्धच्या मोहिमेची सुरुवात इथून केली. ८ ऑगस्ट १८०३ रोजी त्याने पेठ घेतली, १२ तारखेला किल्ला घेतला, आणि पाठ सुरक्षित झाल्यावरच तो पुढे असईच्या रणांगणावर गेला. १८१७ च्या पुणे तहाने किल्ला इंग्रजांकडे कायम झाला आणि शेजारी भिंगारची छावणी वाढली. नगरकर तिला आजही ‘भिंगार कॅम्प’ म्हणतात.

तोफा सुधारल्या तसं तटबंदीचं महत्त्व सरलं. पण छावणीच्या बंदोबस्तातला भक्कम किल्ला तुरुंग म्हणून फार सोयीचा. दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदी नगरला ठेवले गेले, पहिल्या महायुद्धात जर्मन नजरकैदी आले, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव होताच काँग्रेस कार्यकारिणीचे नेते याच किल्ल्यात आणले गेले. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ मध्ये इथेच लिहिलं, मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रंही इथलीच.

पण किल्ला आणि रणगाडा यांचा संबंध काय?

तसा काहीच नाही. किल्ल्याला तट लागतो, रणगाड्याला मोकळं रान. नगरचं नशीब असं, की पहिल्याची गरज संपत आली तेव्हा दुसरंही इथे हजर होतं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग. पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. नदीकाठ सोडला तर पुष्कळ ठिकाणी मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि कातळ. शेतकऱ्याला रडवणारी ही जमीन रणगाडे शिकवणाऱ्याला हवीहवीशी, कारण पट्ट्यांची अवजड गाडी तिच्यावर रुतत नाही आणि पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर वर्षभर सराव चालतो. त्यात १८७८ मध्ये सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून जातो. रणगाडा लांब पल्ल्याला स्वतःच्या पट्ट्यांवर नेला की पट्टे, रस्ता आणि इंधन तिन्हींची वाट लागते. टी-७२ चं वजन ४० टनांच्या वर, अर्जुनचं ५८ टनांच्याही पुढे, म्हणून ही वाहतूक शक्यतो रेल्वेनेच होते.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात घोडदळाची जागा चिलखती गाड्या घेऊ लागल्या. भारतीय घोडदळातली सिंध हॉर्स ही पलटण १९३८ मध्ये घोड्यांवरून यंत्रांवर जाणारी पहिली. ही वाहनं चालवायला शिकवणारं ‘फायटिंग व्हेइकल्स स्कूल’ नगरला होतंच. फाळणीनंतर, १९४८ मध्ये, चिलखती दलाची भरती-प्रशिक्षण केंद्रं आणि अभिलेख कार्यालय इथे हलवून त्या स्कूलशी जोडली गेली, आणि आजचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभं राहिलं.

आज तिथे काय शिकवतात?

टी-७२ आणि टी-९० मध्ये तिघं बसतात : कमांडर, तोफ डागणारा गनर आणि चालक. गोळा भरण्याचं काम यंत्र करतं. अर्जुनमध्ये ते हाताने होतं, म्हणून चौथा माणूस. झडप बंद केल्यावर चालकाला बाहेरचं जग पेरिस्कोपच्या चिंचोळ्या काचेतून दिसतं, आणि धावत्या गाडीतून हलत्या लक्ष्यावर नेम धरायचा असतो. हे आधी सिम्युलेटरवर, मग माळावर, मग खऱ्या गोळ्यांनी घटवून घेतलं जातं. घोडदळाचा वारसा हुद्द्यांमध्ये टिकून आहे. या दलातला साधा शिपाई ‘सवार’, त्यावर ‘दफादार’, पुढे ‘रिसालदार’.

याच शहरात यांत्रिक पायदळाचं, म्हणजे १९७९ मध्ये उभ्या राहिलेल्या मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आहे. रणगाड्यांच्या बरोबरीने चिलखती वाहनांतून जाणारे हे जवान. अलीकडे दोन्ही केंद्रांत अग्निवीरांच्या तुकड्या घडतात. शिवाय डीआरडीओची ‘व्हीआरडीई’ ही प्रयोगशाळा इथे लष्करी वाहनं विकसित करते, आणि के. के. रेंजवर नवी अस्त्रं पारखली जातात. अर्जुनमधून डागायच्या लेझर-मार्गदर्शित क्षेपणास्त्राची चाचणी सप्टेंबर २०२० मध्ये याच रेंजवर झाली.

या गौरवाची किंमत मोजणारेही इथलेच. रेंजच्या परिसरात नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतली गावं येतात. सरावाच्या दिवसांत शिवारात जायला बंदी, आणि जमीन संपादनाची चर्चा निघाली की गावात पुन्हा अस्वस्थता. मुळा धरणामुळे यातल्या काही पट्ट्यांत पाणी आलं, ऊस आला, त्यामुळे माळ म्हणून सोडून द्यावी अशी ती जमीन राहिलेली नाही. रणगाड्याला जागा हवी हे खरं, तसं शेतकऱ्याला सातबाऱ्यावर निश्चिंती हवी हेही खरं. दोन्हींचा निवाडा दर काही वर्षांनी पुढे ढकलणं हा उपाय नव्हे.

मुलांना काय दाखवावं?

कॅव्हलरी टँक म्युझियम. लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या कारकिर्दीत, १९९४ मध्ये ते सुरू झालं. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, मटिल्डा, चर्चिल, शर्मन, भारतात बनलेला विजयंता आणि पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन तिथे शेजारी शेजारी उभे आहेत. मुलांना एक नाव आवर्जून सांगा : सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्यातला, पलटण पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यांच्या रणगाड्याने पेट घेतला, मागे फिरण्याचा हुकूम आला, तरी तोफ चालते आहे तोवर ते हटले नाहीत. वय अवघं एकवीस. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं, आणि ‘फामागुस्ता’ नावाचा त्यांचा सेंच्युरियन रणगाडा नगरच्या केंद्रात जतन केलेला आहे.

किल्लाही लष्कराच्याच ताब्यात आहे, म्हणून निघताना ओळखपत्र जवळ ठेवा आणि प्रवेशाच्या वेळा आधी विचारून घ्या. रेंजच्या बाजूच्या गावांत पाहुण्यांकडे उतरणार असाल, तर मुलांना एक गोष्ट बजावून ठेवा : रानात पडलेला धातूचा कोणताही तुकडा उचलायचा नाही. न फुटलेला गोळा वर्षांनंतरही फुटू शकतो. तसं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.