विकत आणलेल्या प्रौढ हंसांची पहिल्या महिन्यांतील जोपासना

पशुपक्षी विकत घेणें हें पैशाचें काम आहे. परंतु विकत घेतलेला जीव आपल्या घरचा करणें हें धीराचें काम आहे. नवी गाय आणली तर आपण तिला आठ दिवस दावणीस ठेवितों, चारापाणी आपल्या हातानें घालतों, आणि मगच चरावयास सोडतों. हीच रीत पक्ष्यांच्या बाबतींत पाळावी असें मात्र फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें. प्रस्तुत लेखकासही तें नुकसान सोसल्यावरच कळलें. कांहीं वर्षांपूर्वीं मीं आठवड्याच्या बाजारांतून हंसांचा एक नर व दोन माद्या आणल्या. पक्षी मोठे, अंगानें भरलेले. त्यांस काय जपावयाचें, असें समजून त्याच सायंकाळीं त्यांस मळ्यांतील तळ्यावर मोकळें सोडलें. सकाळीं पाहतों तों एकही पक्षी जागेवर नाहीं. नर व एक मादी ओढ्याच्या कांठानें विकणाऱ्याच्या गांवच्या दिशेनें बरेंच अंतर चालून गेलेलीं सांपडलीं. दुसऱ्या मादीचीं केवळ पिसें मिळालीं. कोल्ह्यानें आपलें काम केलें होतें. परंतु चूक कोल्ह्याची नव्हती. तीच चूक इतर बंधूंच्या हातून होऊं नये, एवढ्याच हेतूनें पुढील माहिती दिली आहे.

पक्ष्याची ओळख :— या पक्ष्यास आपल्याकडे कोणी हंस, कोणी राजहंस म्हणतात, तर कोणी 'मोठें बदक' म्हणून त्याची बोळवण करितात. पाळीव हंसांचीं मूळ घराणीं दोन आहेत. एक युरोपांतील करड्या रानहंसापासून निघालेलें. एम्डेन, तुलूझ इत्यादि जड जाती यांत येतात. दुसरें पूर्व आशियांतील रानहंसापासून निघालेलें. चिनी जात ही यांपैकीं होय. हिच्या चोंचीच्या मुळाशीं, कपाळावर, गांठीसारखा उंचवटा असतो. चिनी जातीचा नर सुमारें ५ किलो व मादी सुमारें ४ ते साडेचार किलो भरते. जड जातींचे नर मात्र १० किलोंच्याही पलीकडे जातात. हंस हा मुख्यत्वें गवतावर जगणारा पक्षी आहे. त्याच्या चोंचीच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात व तो गवत खुडून खातो. नीट निगा ठेविली तर तो वीस वर्षेंही जगतो. म्हणून त्याची खरेदी ही एका हंगामापुरती नसून दीर्घ काळाची गुंतवण आहे, हें लक्षांत ठेवावें.

खरेदी करितांना :— डोळे स्वच्छ व पाणीदार, नाकपुड्या कोरड्या, गुदद्वाराभोंवतालचीं पिसें निर्मळ आणि चाल सरळ, एवढें प्रथम पाहावें. नंतर पक्षी हातीं घेऊन छातीचें हाड चाचपावें. तें धारेसारखें वर आलेलें असल्यास पक्षी रोडावलेला समजावा. पायाच्या तळव्यास सूज किंवा टणक गांठ असल्यास तो घेऊं नये. नर-मादीची पारख केवळ रंगावरून होत नाहीं. साधारणतः नराचा आवाज उंच व कर्कश, तर मादीचा जाड असतो. चिनी जातींत नराची कपाळावरील गांठही मोठी असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, विकणाऱ्याकडे जीं एकत्र राहत आलीं आहेत अशींच नर-मादी घ्यावीं. हंस हा जोडीदार सहसा सोडीत नाहीं. जोडी फोडली तर मागें राहिलेला पक्षी दिवसचे दिवस ओरडत फिरतो व खाणें टाकितो. माझ्या त्या नरानें दुसऱ्या मादीच्या मागें असेंच केलें. चार दिवस त्यानें धान्यास तोंड लावलें नाहीं. एकटा पक्षी तर कधींच आणूं नये. चिनी जातींत एका नरामागें चार ते सहा माद्या चालतात. जड जातींत दोन ते चार पुरेत.

घरीं आणणें :— कोंबड्यांप्रमाणें पाय बांधून व डोकें खालीं करून हंस कधींही नेऊं नये. त्याचे पाय अंगाच्या मानानें नाजुक असतात व सांधा निखळण्यास वेळ लागत नाहीं. पंखास धरून उचलणेंही तितकेंच वाईट. धरावयाचें झाल्यास मान हलक्या हातानें पकडावी, लगेच दुसरा हात अंगावरून घालून पंख मिटवून धरावे, मग पोटाखालीं हात देऊन पक्षी बगलेंत घ्यावा व त्याचें तोंड आपल्या पाठीकडे ठेवावें. म्हणजे चोंचीचा प्रसाद मिळत नाहीं. वाहतूक पहांटे अथवा सूर्यास्तानंतर, हवा खेळेल अशा मोठ्या टोपलींत किंवा पिंजऱ्यांत, खालीं पेंढा घालून करावी. वर्षांतून एकदां हंसाचीं उडण्याचीं पिसें एकदम झडतात. त्या दिवसांत शक्य तर त्यास हलवूं नये.

पहिला महिना वेगळें घर :— नवे पक्षी कोंबड्या, बदकें व जुने हंस यांपासून निदान तीस दिवस अगदीं अलग ठेवावे. याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, दिसण्यांत निरोगी असलेला पक्षीही अंगांत रोग बाळगून असूं शकतो. रानीखेत हा कोंबड्यांचा काळ. परंतु हंसामध्यें तो पुष्कळदां लक्षणें न दाखवितां राहतो, आणि त्याच्याकडून कोंबड्यांस लागतो. बदकांचा प्लेग तर हंस व बदकें या दोघांसही मारितो. दुसरें कारण असें कीं, नवें ठिकाण हेंच आपलें घर ही खूणगांठ हंसाच्या मनांत बसावयास पंधरा दिवस तरी लागतात. तोंपर्यंत त्यास कुंपणाच्या आंतच ठेविलें पाहिजे.

घरास थाटमाट नको. दर पक्ष्यामागें सुमारें दहा चौरस फूट कोरडी जागा, वर छप्पर, भोंवतीं कूड अथवा जाळी, आणि पायाखालीं भाताचें तूस किंवा पेंढा एवढें पुरे. थंडी हंसास बाधत नाहीं. ओल व ऊन मात्र बाधतें. म्हणून उन्हाळ्यांत सांवली व पावसाळ्यांत उंचवटा अवश्य हवा. दार रुंद असावें. हंस घाबरले कीं एकमेकांस रेटीत निघतात व अरुंद दारांत चेंगरतात. जाळीचा खालचा कांठ वीतभर जमिनींत पुरावा, म्हणजे कोल्हा, कुत्रा किंवा रानमांजर उकरून आंत येणार नाहीं. जागेंत पडलेले खिळे, तारेचे तुकडे, कांचा वेंचून काढाव्या; चकाकणारी वस्तु दिसतांच गिळण्याची या पक्ष्यास खोड आहे. घर दररोज झाडावें, आणि नव्या पक्ष्यांचें काम जुन्या पक्ष्यांचें काम आटोपल्यावरच करावें; हातपाय धुतल्याशिवाय परत कोंबड्यांकडे जाऊं नये. भांडीं व झाडूही निराळीं असावीं.

पाणी :— हंसास पोहण्यास तळें पाहिजेच असें नाहीं. मात्र सबंध डोकें बुडेल एवढें खोल पाणी पाहिजेच पाहिजे. डोळे व नाकपुड्या तो पाण्यांत बुडवूनच साफ करितो. उथळ थाळींत पाणी दिल्यास डोळे चिकटूं लागतात. सहा ते आठ इंच खोल घमेलें किंवा बादली ठेवावी, व पाणी दोन वेळां बदलावें. भांडें खडीच्या थरावर ठेवल्यास भोंवतीं चिखल होत नाहीं. धान्य द्यावयाचें तेथें जवळच पाणी असलेंच पाहिजे, नाहींतर कोरडा घांस घशांत अडकतो. जड जातींचे पक्षी पाण्यांत सुलभतेनें जुगतात, म्हणून पैदाशीच्या दिवसांत लहानसें टांकें असल्यास बरें.

खाद्य :— पहिल्या दिवशीं पाणी, गवत व विसांवा याहून अधिक कांहीं नको. विकणाऱ्याकडे काय खात होते हें विचारून घ्यावें, तेंच आठवडाभर चालू ठेवावें, व पुढील आठवड्यांत हळूहळू आपलें खाद्य मिसळावें. एकाएकीं खाद्य बदलल्यास पोट बिघडतें. मुख्य अन्न कोंवळी हरळी, लसूणघास व भाजीचा पाला हें होय. याच्या जोडीला भिजविलेली ज्वारी, गहूं अथवा भात मूठ-दीड मूठ सायंकाळीं द्यावा. हिरवें गवत नसेल त्या दिवसांत हें प्रमाण वाढवावें. पचनासाठीं बारीक खडे व जाड वाळू नेहमीं पुढें असावी. अंडीं घालणाऱ्या मादीस शिंपल्यांचा चुराही द्यावा. कोंबडीच्या पिलांसाठीं औषध घातलेलें तयार खाद्य हंसास घालूं नये. त्यांतील कांहीं औषधें त्यास विषासमान होतात.

बुरसटलेलें धान्य किंवा पेंड हंसापुढें कधींच टाकूं नये. जनावरांस चालत नाहीं तें पक्ष्यांस खपेल हा समज घातक आहे. इंग्लंडांत १९६० सालीं एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकीं मेले. त्याचें मूळ ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींतील बुरशीच्या विषांत सांपडलें. त्या विषास आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात, व बदकांचीं पिलें तर त्यास फारच लवकर बळी पडतात. आपल्याकडे भुईमुगाची पेंड घरोघर असते. म्हणून हा इशारा. फवारणी झालेलें गवत आणि औषध चोळलेलें बियाणें यांपासूनही तितकेंच जपावें.

माणसाची ओळख :— नवा हंस फूत्कार करितो, मान जमिनीसरशी ताणून अंगावर धांवतो. तो द्वेष नसून भीति असते. अशा वेळीं पळूं नये व लाथही मारूं नये; हात पसरून स्थिर उभें राहावें, तो आपोआप माघार घेतो. लहान मुलांस पहिला महिनाभर दूर ठेवावें. रोज एकाच माणसानें, एकाच वेळीं, एकच हांक घालून सायंकाळचें धान्य द्यावें. आठ-दहा दिवसांत पक्षी त्या हांकेस येऊं लागतात, आणि हीच हांक पुढें त्यांस घरीं आणणारी दोरी होते. हांकावयाचें झाल्यास दोन्ही हातांत एकेक लांब काठी आडवी धरून सावकाश चालावें. हंस एकत्र राहून पुढें जातात.

रोगाची पाहणी :— रोज सकाळीं विष्ठा, डोळे व चाल पाहावी. गवत खाणाऱ्या हंसाची विष्ठा हिरवट असणें स्वाभाविक आहे. परंतु पक्षी मलूल होऊन पाण्यासारखी हगवण लागली, मान वांकडी झाली किंवा पाय ओढूं लागला, तर पशुवैद्यास ताबडतोब बोलवावें. महिन्याच्या आरंभीं जंतांचें औषध त्यांच्याच सल्ल्यानें द्यावें. एकाहून अधिक पक्षी अचानक मेल्यास ते नाल्यांत टाकूं नयेत, कापूं नयेत, शेजाऱ्यास देऊं नयेत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. ज्या पक्षिज्वरानें पुढें जगभर हाहाकार केला त्याचा एच५एन१ विषाणु प्रथम १९९६ सालीं चीनच्या ग्वांगडोंग प्रांतांतील एका पाळीव हंसांतच सांपडला होता. आणि आपल्या देशांत तो रोग प्रथम २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें उघडकीस आला. तेथील कुक्कुटपालकांस फार मोठ्या संख्येनें पक्षी मारावे लागले. हिंवाळ्यांत उत्तरेकडून येणारे पट्टकादंब व रानबदकें ज्या जलाशयांवर उतरतात, तेथें आपले हंस नेऊं नयेत, तें याचसाठीं.

मिसळणें व मोकळें सोडणें :— महिना निर्वेध गेल्यावर नव्या-जुन्या पक्ष्यांमध्यें केवळ जाळी ठेवून आठवडाभर त्यांस एकमेकांस पाहूं द्यावें. मग दिवसां, मोकळ्या जागीं, दोन-तीन ठिकाणीं धान्य टाकून एकत्र सोडावें. थोडी झटापट होईल; रक्त निघाल्यासच मध्यें पडावें. बाहेर सोडतांना पहिले कांहीं दिवस सायंकाळच्या धान्यापूर्वीं एक तासच सोडावें, म्हणजे भुकेनें पाय घराकडे वळतात. हलक्या जातीचे पक्षी उडूं लागल्यास एकाच पंखाचीं लांब पिसें कापावीं. रात्रीं मात्र दार बंद, यांत अपवाद नको.

एक गोष्ट विशेष सांगावयाची. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत कापसाच्या शेतांतील तण काढण्यास हंस सोडीत असत. कारण ते गवत खातात व कापूस सोडितात. आपल्या कापसांत किंवा फळबागेंत हा उपयोग होण्यासारखा आहे. परंतु भात, ज्वारी व गहूं हीं पिकेंही गवताच्याच कुळांतील होत, हें हंसास पक्कें ठाऊक आहे. भाताच्या रोपवाटिकेजवळ त्यास फिरकूं देऊं नये.

अंडीं :— जागा बदललेली मादी पहिल्या हंगामांत पुष्कळदां अंडीं घालीत नाहीं. तेवढ्यावरून तिला वांझ ठरवून विकूं नये. पैदाशीचा हेतु असेल तर विणीच्या हंगामापूर्वीं कांहीं महिने पक्षी आणावे. अंडीं उबण्यास जातीप्रमाणें २८ ते ३४ दिवस लागतात, व त्या दिवसांत नराच्या वाटेस जाऊं नये.

पहिल्या नुकसानीनंतर मीं त्या उरलेल्या जोडीस कुंपणांत बंद केलें, आणि त्याच विकणाऱ्याकडून, त्याच कळपांतील आणखी एक मादी आणून पूर्ण महिना काढला. एकतिसाव्या दिवशीं दार उघडलें तेव्हां मन धास्तावलें होतें. तिन्ही पक्षी तळ्यापर्यंत गेले, पाण्यांत उतरले, आणि सूर्य कलतांच हांक घातली तशी एकामागें एक रांगेनें घरीं आले. त्या दिवसापासून त्यांस आणावयास कोणास जावें लागलें नाहीं. तीस दिवसांचें दाणापाणी हा खर्च नव्हे. तें त्या पक्ष्यांच्या पुढील वीस वर्षांचें बियाणें होय, असें समजून शेतकरी बंधूंनीं तो महिना सोसावा.