अडलेला फोन

नागपूरच्या सीताबर्डी भागात मोबाईल दुरुस्त करणारी अनेक दुकाने आहेत. अशा दुकानांत येणारे काही फोन पडलेले नसतात आणि भिजलेलेही नसतात. अपडेट चालू असताना ते मध्येच अडलेले असतात. पडद्यावर कंपनीचे चिन्ह तेवढे दिसते. फोन पुढे जात नाही आणि मागेही येत नाही. त्याच्या धन्याचा जीव मात्र टांगणीला लागतो. कारण त्या लहानशा वस्तूत घरातील छायाचित्रे, शाळेची टिपणे आणि कदाचित दिवंगत आजोबांचा आवाजही साठवलेला असतो.

फोनचे सर्व काम त्यात भरलेल्या सूचनांवर चालते. या सूचनांच्या संचाला कार्यप्रणाली म्हणतात. अँड्रॉइड आणि आयओएस या अशाच प्रणाली होत. त्यांतील दोष दूर करण्यासाठी आणि चोरट्यांना आत शिरण्याच्या वाटा बुजवण्यासाठी कंपन्या वेळोवेळी नव्या सूचना पाठवतात. यालाच अपडेट म्हणतात. नवा संच आला की फोन प्रथम त्यावरील अंकीय मोहर तपासतो. वाटेत एक अक्षर जरी बदलले असले, तरी मोहर जुळत नाही आणि फोन तो संच नाकारतो. म्हणून अपडेट न होणे हा दर वेळी बिघाड नसतो. पुष्कळदा ती फोनची सावधगिरी असते. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून आणखी एक सोय झाली. ही सोय असलेल्या फोनमध्ये प्रणालीसाठी दोन कप्पे असतात. एका कप्प्यावर फोन चालू राहतो आणि नवी प्रणाली दुसऱ्या कप्प्यात उतरते. ती नीट सुरू झाली नाही, तर फोन जुन्या कप्प्याकडे परततो.

अपडेट अडले की कारण क्रमाने शोधावे. कारण न शोधता केलेला उपाय म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! जे सर्वांत सोपे आणि निरुपद्रवी, ते प्रथम पाहावे. फोनमध्ये मोकळी जागा आहे काय? नवा संच काही गिगाबाइटांचा असू शकतो. बॅटरी पुरेशी भरलेली आहे काय? मध्येच वीज संपली तर काम अर्धवट राहील, म्हणून बॅटरी फार उतरलेली असल्यास फोन अपडेट सुरूच करत नाही. वाय-फाय स्थिर आहे काय? नागपुरात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: फोन तापला आहे काय? मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या वर चढतो. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असे ॲपल कंपनी सांगते. फार तापलेला फोन स्वतःच्या रक्षणासाठी चार्जिंग थांबवतो. त्याला सावलीत निवू द्यावे. फ्रिजमध्ये किंवा कूलरच्या ओल्या झोतात ठेवू नये. आत ओल धरण्याची भीती असते. मग फोन बंद करून पुन्हा चालू करावा. एका वेळी एकच उपाय करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

एवढ्याने भागले नाही, तर फोन केबलने संगणकाला जोडतात. आयफोन अशा रीतीने 'रिकव्हरी' अवस्थेत नेला की संगणकाच्या पडद्यावर दोन पर्याय येतात: 'अपडेट' आणि 'रिस्टोअर'. या दोहोंच्या परिणामांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. अपडेट निवडल्यास प्रणाली पुन्हा बसवली जाते आणि माहिती राखण्याचा प्रयत्न होतो. रिस्टोअर निवडल्यास सर्व माहिती पुसली जाते. म्हणून पहिला मान अपडेटचा. येथेही धीर हवा. नवी प्रणाली उतरवून घेण्यास १५ मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर फोन त्या अवस्थेतून आपोआप बाहेर पडतो. अनेकांना वाटते, फोन कायमचा गेला! वस्तुतः ते काम पूर्ण होऊ द्यावे आणि मग फोन पुन्हा त्याच अवस्थेत न्यावा. तरीही न जमल्यास केबल बदलून पाहावी.

रिस्टोअर हा शेवटचा उपाय होय. तो समजण्यास सीताबर्डीजवळच्या 'झिरो माइल'चे उदाहरण उपयोगी पडेल. तेथे भूमापन विभागाची १९०७ सालची उंचीची प्रमाण-खूण आहे. मोजणी चुकली तर भूमापक अंदाजाने पुढे जात नाही. ज्या खुणेची उंची निश्चित ठाऊक आहे, तेथे परत येऊन तो नव्याने मोजू लागतो. रिस्टोअर म्हणजे असेच निश्चित जागी परतणे. मात्र भूमापकाची वही त्याच्या हाती असते. फोनची वही या उपायात कोरी होते. यासाठी त्या वहीची प्रत, म्हणजेच बॅकअप, आधीच घेऊन ठेवावी लागते. प्रतीला परवलीचा शब्द लावला असल्यास तोही जपून ठेवावा. तो विसरला, तर प्रत जवळ असूनही उघडत नाही.

अडलेला फोन बहुधा पुन्हा चालू होतो. न घेतलेली प्रत मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

स्वाध्याय
१. 'अपडेट' आणि 'रिस्टोअर' यांतील फरक सांगा.
२. एका वेळी एकच उपाय का करावा?
३. 'आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी' या म्हणीचा वाक्यात उपयोग करा.
४. घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने फोनचा बॅकअप शेवटी केव्हा घेतला ते पाहा व नोंदवा.