परसात मधमाश्यांचा थवा उतरला तर: पालघर, बोईसर-तारापूर भागातील बागायतदारांसाठी हंगामी सल्ला

पाऊस उघडला, भात कापून झाले आणि वाडीत फुलोरा वाढू लागला की मधमाश्यांची हालचाल वाढते. दिवाळीपासून आंब्याच्या मोहरापर्यंत केळवे-माहीम, चिंचणी, तारापूर, वाणगाव, डहाणू या पट्ट्यात कुणाच्या चिकूच्या फांदीवर, कुणाच्या पडवीच्या वाशाला, तर बोईसरच्या इमारतींत पाण्याच्या टाकीखाली अचानक माश्यांचा घोळका लटकलेला दिसतो. घाबरून कुणी मशाल पेटवतो, कुणी झुरळाचा स्प्रे मारतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. माशी कोणती ते आधी ओळखावे, मग हालचाल करावी.

थवा का येतो?

जुन्या वसाहतीत माश्या वाढल्या आणि जागा अपुरी पडू लागली की जुनी राणी हजारो कामकरी माश्या घेऊन बाहेर पडते. मागे नवी राणी जुने घर सांभाळते. बाहेर पडलेला थवा जवळच्या फांदीवर टेकतो आणि टेहळ्या माश्या नव्या घराच्या शोधात निघतात. जागा सापडलेली माशी परत येऊन घोळक्याच्या अंगावरच नाचते. त्या नाचातून दिशा आणि अंतर बाकीच्यांना कळते. एका जागेवर एकमत झाले की सगळा थवा उठून जातो. हा मुक्काम काही तासांचा, फार तर दोन-तीन दिवसांचा असतो.

या थव्याजवळ राखायला पोळे नसते, अंडी-पिल्ले नसतात आणि निघताना प्रत्येक माशीने पोट भरून मध घेतलेला असतो. म्हणून तो सहसा डंख मारत नाही. मुक्काम लांबला आणि पोटातला मध संपला, की मात्र माश्या चिडक्या होतात. पोरांना व गुरांना लांब ठेवून थवा आपोआप जाऊ देणे हा पहिला आणि स्वस्त उपाय आहे.

आधी माशी ओळखा

*आग्या:* सर्वांत मोठी माशी. उंच झाड, पाण्याची टाकी, कारखान्याची शेड किंवा पुलाखाली उघड्यावर एकच मोठे पोळे लावते. पावसाळ्यानंतर येते आणि पुढच्या पावसाआधी निघून जाते. स्थलांतराच्या वाटेवर तिचे थवेही झाडावर विसावतात. ही पेटीत राहत नाही.

*सातेरी:* मध्यम आकाराची. झाडाची ढोली, वारूळ, जुन्या भिंतीची पोकळी, पडून असलेले पिंप अशा अंधाऱ्या जागी एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. पेटीत पाळता येते.

*फुलोरी:* लहान माशी. झुडपाच्या काटकीभोवती तळहाताएवढे एकच पोळे करते. त्रास फारसा देत नाही. कुंपणात असेल तर राहू द्या.

आग्याच्या वाटेला जाऊ नका

आग्याचे बसलेले मोहोळ एकदा उठले की दूरपर्यंत पाठलाग करते. दगड मारणे, खाली कचरा पेटवणे, फटाके फोडणे ही त्याची नेहमीची कारणे. मोहोळघार हा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालतो तेव्हाही खालून जाणारी माणसे विनाकारण सापडतात. एका माशीने डंख मारला की तिथे पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. बाकीच्या माश्यांना तो हल्ल्याचा इशारा असतो. म्हणूनच एका जागी डंख झाला की तिथेच पुढचे डंख बसत जातात.

तारापूर एमआयडीसीत तर पोळे जाळण्याचा विचारही नको. रसायनांची साठवण असलेल्या आवारात मशाल हा माश्यांपेक्षा मोठा धोका आहे. पोळे वर्दळीपासून लांब व उंच असेल तर खाली सूचना फलक लावा, रात्रीचा प्रखर दिवा त्या दिशेला ठेवू नका आणि पावसाआधी माश्या जाण्याची वाट पाहा. शाळा, जिना किंवा पाण्याच्या नळाजवळ असेल तर प्रशिक्षित मधपाळाकडूनच काढून घ्या. रिकामे झालेले पोळे खरवडून ती जागा स्वच्छ करा. मेणाचा वास राहिला तर पुढच्या वर्षी माश्या तिथेच येण्याचा संभव असतो.

सातेरीचा थवा पेटीत कसा घ्यावा?

वाडीतल्या माणसासाठी सातेरीचा थवा ही चालून आलेली लक्ष्मी आहे. मात्र पहिल्यांदा जाणत्या मधपाळाच्या सोबतीनेच हात घाला.

१. वेळ संध्याकाळची निवडा. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडावर जाळी आणि हातमोजे घाला. अत्तर, सुगंधी तेल नको.

२. मधपेटी आतून गवती चहाच्या पातीने चोळा. तो वास माश्यांना ओढतो. जुन्या पोळ्याचा तुकडा असेल तर एका चौकटीला बांधा.

३. फांदी लहान असेल तर हलकेच कापून पेटीवर धरा आणि एक झटका द्या. नाहीतर खाली टोपली धरून थवा त्यात पाडा व पेटीत उतरवा. राणी आत गेली की उरलेल्या माश्या स्वतःहून मागे जातात.

४. ढोलीतले बसलेले पोळे काढताना अंडी-पिल्लांचा भाग सुरीने कापून चौकटीत केळीच्या सोपटाने बांधा. पोळ्याची वरची बाजू वरच राहिली पाहिजे. माश्या मेणाने पोळे चौकटीला चिकटवतात आणि नंतर सोपट कुरतडून टाकतात. मधाचा जड भाग वेगळा काढा. तो फुटून गळला की मुंग्या लागतात.

५. दाराला राणीरोधक जाळी काही दिवस ठेवा. संध्याकाळी साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक द्या. पेटी सावलीत, घोडीवर ठेवा आणि घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा.

मुंग्या, मेणपतंग, उपासमार किंवा वारंवार उघडझाप झाली की सातेरी पेटी सोडून जाते. म्हणून पेटी रोज उघडू नका.

फवारणी जपून

काकडी, कारले, भोपळा, दोडका या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. परागकण वाहून नेणारा कीटक नसेल तर फळ वाकडे राहते किंवा गळते. घोलवडच्या लिचीला आणि बहाडोलीच्या जांभळालाही माश्यांची मदत होते. आंब्यावरील तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम अशी औषधे वापरणाऱ्यांनी मोहर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळावी. अगदी गरज असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करा आणि शेजारच्या मधपाळाला आदल्या दिवशी कळवा.

डंख झाला तर

हात झटकत उभे राहू नका. तोंड झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. विहिरीत, तळ्यात उडी नको. माश्या वर घिरट्या घालत राहतात. अडकलेला काटा नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा, जागा धुवा, बर्फ लावा. श्वास लागणे, ओठ-जीभ सुजणे, अंगभर गांध्या उठणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले, किंवा डंख बरेच असतील, तर घरगुती उपायात वेळ न घालवता 108 वर रुग्णवाहिका बोलवा.

मदत कुठे मिळेल?

कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र आणि राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे जिल्हा कार्यालय येथे चौकशी करा. मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्याच्या मधकेंद्र योजनेत पेट्या व साहित्यासाठी 50 टक्के अनुदान आणि प्रशिक्षण मिळते. महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. त्याच उपक्रमात आपल्या जिल्ह्यातल्या घोलवडची निवड झाली आहे.

तेव्हा या हंगामात ओळखीच्या मधपाळाचा क्रमांक आत्ताच घरात लिहून ठेवा, आणि थवा दिसला की काडेपेटीऐवजी फोन हातात घ्या.