प्लॅनर नेमका कोणाचा?

मावशी दादरची. धाकट्या मुलीचं लग्न गोव्यात करायचं घरात ठरलंय. मुलगा टोरांटोत नोकरीला, त्याच्या घरचे नाशिकचे. भाची मडगावात राहते आणि लग्नांचं नियोजन हाच तिचा व्यवसाय आहे.

मावशी: हे लग्न तू घेणार नाहीस म्हणालीस, तेव्हा खरंच वाईट वाटलं गं. घरात माणूस असताना बाहेरचा प्लॅनर कशाला शोधायचा?

भाची: घरातली आहे म्हणूनच घेत नाही. त्या दिवशी मला करवली म्हणून मिरवायचंय. शिवाय माझं काही चुकलं, तर तू मला बोलणार नाहीस, मनात ठेवशील. प्लॅनरला तोंडावर विचारता आलं पाहिजे. ते राहू दे, आधी सांग, गोवाच का?

मावशी: आमचं कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. मुलीचीच इच्छा आहे, की देवीचं दर्शन घेऊन मग बोहल्यावर चढायचं. आणि समुद्र हवा आहे तिला.

भाची: मग हे गोव्याचं लग्न मला मनापासून पटलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे भाविकांनी केळशीची शांतादुर्गा, कुठ्ठाळीचा मंगेश अशी दैवतं फोंड्याच्या बाजूला हलवली. तेव्हा तो मुलूख त्यांच्या ताब्याबाहेर होता. आपली कितीतरी घरं नंतर मुंबईला, कारवारला, कुठे कुठे गेली, पण कार्य निघालं की पहिली अक्षत देवीला देतातच. मात्र एक लक्षात घे, कवळे पडलं डोंगराकडे आणि तुझी समुद्रावरची हॉटेलं दुसऱ्या टोकाला. लग्नाच्या सकाळीच दर्शन घेऊ म्हणशील तर वेळ गाठता येणार नाही. आदल्या दिवशी घरच्या मोजक्या माणसांनी जाऊन या.

मावशी: बरं. मी एक-दोन प्लॅनरशी फोनवर बोलले. दोघांनी पहिला प्रश्न विचारला, ‘बजेट किती?’

भाची: माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. माणसं किती?

मावशी: तीनशेच्या आसपास होतील.

भाची: दादरच्या हॉलमध्ये तीनशे माणसं म्हणजे तीनशे पानं. गोव्यात तीनशे माणसं म्हणजे दीडशे खोल्या, आणि त्याही दोन रात्री. आपण एकशेवीस धरू. दोघांना एक अशा साठ खोल्या, दोन रात्री. खोलीचा दर समज दहा हजार. झाले बारा लाख. दर ७,५०० रुपयांच्या वर गेला की खोलीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी दोन लाख सोळा हजार. अजून फुलाची एक पाकळीही आलेली नाही! जेवणं मोज. आल्या दिवसाचं रात्रीचं, दुसऱ्या दिवसाचे नाश्ता, जेवण, चहा-फराळ, पुन्हा रात्रीचं, तिसऱ्या दिवशी निघताना नाश्ता. एक माणूस वाढला की हे सगळं वाढतं. म्हणून यादी घरातच पक्की करा. सजावट कमी करून वाचतात त्याच्या कितीतरी पट पैसे यादी आवरून वाचतात.

मावशी: उरलेल्यांना वाईट वाटेल त्याचं काय?

भाची: त्यांच्यासाठी दादरला साधं स्वागत ठेव. केळवणं तर होणारच आहेत. हा निर्णय कोणताही प्लॅनर घेऊ शकत नाही, आणि मी घेतो म्हणाला तर घेऊ देऊ नकोस.

मावशी: आता त्याच्या पैशांचं सांग. एक म्हणाला, ठरावीक फी घेतो. दुसरा म्हणाला, एकूण खर्चावर टक्के. तिसऱ्याबद्दल ऐकलं, तो म्हणे फीच घेत नाही.

भाची: मावशी, इथे नीट लक्ष दे. एवढी एकच गोष्ट तुझ्या डोक्यात राहिली तरी मला पुरे. जो फी घेत नाही, त्याला पैसे कोणीतरी देतंच. हॉटेल देतं, डेकोरेटर देतो, फोटोग्राफर, मेकअपवाली, बसवाला देतो. ते कमिशन तुझ्याच बिलात मिसळलेलं असतं, फक्त तुला दिसत नाही. मग तुझ्या मुलीला साधी झेंडूची तोरणं हवी असली तरी तो परदेशी फुलांचे फोटो दाखवत राहणार. मंडपात तो तुझ्या बाजूला उभा दिसेल, पण माणूस डेकोरेटरचा असेल.

मावशी: आणि टक्केवारीवाला?

भाची: तो निदान उघड आहे. पण खर्च वाढला की त्याची फी वाढते, तेव्हा काटकसर सुचवायला त्याचं मन होणं कठीण. मी स्वतः ठरावीक फी घेते आणि तुलाही तेच सांगेन. फी आकड्यात, कागदावर, जीएसटीसह. त्याच कागदावर ओळ घालून घे, की कुठल्याही पुरवठादाराकडून कमिशन घेणार नाही, घेतलं तर ते तुमच्या बिलातून वजा करीन. हॉटेल, डेकोरेटर, केटरर यांची कोटेशनं तुझ्या नावाने येऊ देत आणि पैसेही तू थेट त्यांनाच दे. या अटीवर जो कां-कूं करतो, त्याला नमस्कार करून पुढे जा. फी मोठी वाटेल. तरी दे. ज्याचे पैसे फक्त तुझ्याकडून येतात, तोच हॉटेलच्या मॅनेजरशी तुझ्यासाठी भांडतो.

मावशी: भांडावं लागतं?

भाची: खूप. आदल्या रात्री त्याच लॉनवर हॉटेलने दुसरा कार्यक्रम घेतला, तर तुमचा मांडव उभा करायला वेळ कुठला? साठ खोल्या धरल्या आणि पन्नासच भरल्या, तर दहांचे पैसे माफ की भरायचे? किती तारखेपर्यंत खोल्या परत करता येतील? हे बोलणं आगाऊ रक्कम भरण्याआधीच व्हायला हवं, कारण नंतर तुमच्या हातात काही राहत नाही.

मावशी: मुहूर्त अजून काढायचाय. नोव्हेंबरचा शेवट म्हणतायत.

भाची: चांगला काळ आहे. गोव्याचा पाऊस आणि आपला चातुर्मास जवळजवळ एकाच वेळी असतात, तुळशीचं लग्न लागलं की दोन्हीकडचा हंगाम उघडतो. पुढे नाताळ ते नवं वर्ष इथे दर आभाळाला भिडतात, पण तेव्हा धनुर्मास असतो, तुम्ही तसेही लग्न धरणार नाही. आणि मुहूर्त मंगळवार-बुधवारचा निघाला तर नाराज होऊ नकोस. शनिवार-रविवारपेक्षा हॉटेल बरंच खाली येतं.

मावशी: सकाळी अकराचा मुहूर्त निघाला तर?

भाची: तर प्लॅनरची खरी परीक्षा. डेस्टिनेशन वेडिंगचा जो साचा तयार झालाय तो उत्तरेकडच्या लग्नांवरून. संध्याकाळी वरात, ती नाचत नाचत हवी तेव्हा पोचणार, रात्री उशिरा फेरे. तिथे तासभर इकडेतिकडे झाला तर कोणाचं बिघडत नाही. आपल्याकडे अकरा वाजून सतरा मिनिटं म्हणजे अकरा सतरा. अंतरपाट दूर व्हायचा क्षण ठरलेला, आणि त्याच्यावरून उलटं मोजत यायचं. मंगलाष्टकांना किती वेळ, मामाने मुलीला कधी आणायचं, त्याआधी गौरीहर, त्याआधी सीमांतपूजन, त्याआधी मेकअप. म्हणजे मेकअपवाली पहाटे पाचला दारात हवी आणि मांडव रात्रीतून उभा राहायला हवा. हे ज्याला माहीत नाही, तो तुला नऊ वाजता ‘ब्राइड एंट्री’चं गाणं विचारत बसेल.

मावशी: आणि अक्षता पडल्या की निम्मी माणसं जेवणाकडे वळणार.

भाची: बरोब्बर! कन्यादान, सप्तपदी पुढे चालूच असतात आणि पाहुणे पंगतीकडे निघालेले असतात. हॉटेलचं जेवण मात्र एकला उघडतं. अकरा सतराला अक्षता टाकून मोकळी झालेली माणसं पावणेबारापासून काय करणार? स्वयंपाकघराला हे आधी लिहून द्यावं लागतं. होमाचंही तसंच. बंद हॉलमध्ये धूर झाला की अलार्म वाजतो, तो त्या वेळेपुरता बंद ठेवायची परवानगी हॉटेलकडून आधीच लेखी घ्यायची. बाहेर असाल तर वारा. किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, त्यात होम पेटता ठेवणं गुरुजींना अवघड जातं. आणि पाट, चौरंग, समया, समिधा, लाह्या, आंब्याचे टाळे यातलं हॉटेलात काहीही मिळत नाही. गुरुजींकडून यादी लिहून घेऊन ती प्लॅनरच्या हातात दे. गुरुजी दादरहून आणणार असशील तर त्यांची खोली त्या साठांत धर.

मावशी: मुलीला वाळूवरच लग्न लावायचंय.

भाची: दुपारच्या उन्हात अनवाणी वाळूवर? गुरुजींना गोरज मुहूर्त बघायला सांग, तो मिळाला तर सुंदर होईल. पण किनारा हॉटेलचा नसतो, सरकारचा असतो, सगळ्यांचा असतो. तिथे तात्पुरता मांडव घालायला पर्यटन खातं आणि किनारी क्षेत्राचं प्राधिकरण यांच्या परवानग्या लागतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर तर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे दिवे आणि आवाज नकोतच, आणि परवानगी मिळते का हेही विचारू नये असं माझं मत आहे. हॉटेलच्या हिरवळीवरून समुद्र दिसतो, तेवढं पुरेसं आहे. तरीही वाळूच हवी असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्तच आत येतं, म्हणजे आज मोकळी दिसलेली वाळू लग्नादिवशी त्याच वेळी पाण्याखाली असू शकते.

मावशी: संगीत तरी मोकळ्यावर करता येईल ना?

भाची: दहापर्यंत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. तेव्हा साडेसहाला सुरू करा. साडेआठला सुरू झालं तर काकूंचा नाच बसायच्या आधी पोलीस येतील. गाण्यांच्या परवान्याचाही घोळ आहे. कॉपीराइट कायद्यात लग्नाची वरात आणि लग्नातले समारंभ यांना सूट दिलेली आहे. त्याच आधारावर गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, आणि ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. त्यामुळे हॉटेलं परवाना मागतात. पैसे कोण भरणार ते करारात लिही, बस. दारू ठेवणार असाल तर अबकारी खात्याचा त्या दिवसापुरता परवाना लागतो.

मावशी: ते मुलाकडचे बघतील. माणसं पोचवायची कशी, सांग.

भाची: विमानतळ दोन आहेत. दाभोळी मध्यावर, आणि २०२३ पासून सुरू झालेलं मोपा अगदी उत्तरेला, पेडण्यात. हॉटेल काणकोणला आणि तिकिटं मोपाची, असं झालं तर उभा गोवा ओलांडावा लागतो. रेल्वेने येणाऱ्यांना थिवी, करमळी, मडगाव यातलं जवळचं स्टेशन आधी सांगून ठेवा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, त्या सकाळी सगळ्यांनी तयार राहायचं. आणि मुंबईसारखी ओला-उबर इथे चालत नाही. प्लॅनरकडून तासागणिक बसचं वेळापत्रक घ्या, कुठल्या बसला कोण उतरवून घेणार त्याच्या नावासकट.

मावशी: नोंदणी? मुलाला व्हिसासाठी दाखला लगेच लागणार आहे.

भाची: ती मुंबईतच उरकून टाका. गोव्यात विवाहनोंदणीची पद्धत पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेली आहे, ती टप्प्याटप्प्याने होते आणि दोन दिवसांसाठी आलेल्यांना झेपणारी नाही. मुंबईत १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य लागतं, ते मुलीचं आहेच. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न नोंदवायचं. मुलाच्या रजेशी या तारखा आजच जुळवा, मुहूर्ताआधीच. टोरांटोहून दोन फेऱ्या करायच्या की एकदाच लांब रजा, हे त्यावरच ठरेल.

मावशी: हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आणि नोव्हेंबरात पाऊस आला तर?

भाची: येतो कधीकधी. पाऊस परतल्यावरही अरबी समुद्रात वादळं होतात, २०१७ मध्ये ओखी तर डिसेंबरच्या तोंडावर आलं होतं. म्हणून हिरवळीबरोबर आतला हॉल त्याच दिवशी तुमच्याच नावाने राखलेला हवा, आणि हॉलमध्ये हलायचं की नाही हे किती वाजता, कोण ठरवणार तेही आधी ठरलेलं हवं. मी सकाळचं लग्न असेल तर आदल्या संध्याकाळी सहाची वेळ धरते. त्यानंतर आभाळाकडे बघत बसलं की दोन्हीकडचं काम अर्धवट राहतं. लग्नच पुढे ढकलावं लागलं तर काय, हे कलम २०२० नंतर सगळेजण नीट वाचायला लागले. तारीख बदलून देणार की पैसे परत, किती, हॉटेल किती आणि प्लॅनर किती, वेगवेगळं लिहून घे.

मावशी: माणूस चांगला आहे की नाही हे कशावरून ओळखू? फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात.

भाची: फोटो फोटोग्राफरचे असतात. त्याने लग्न लावून दिलेल्या दोन घरांतल्या आयांशी फोनवर बोल. विचार, त्या दिवशी तुम्ही स्वतः किती वेळा उठलात? बिल ठरल्यापेक्षा किती वाढलं, आणि वाढणार हे आधी सांगितलं होतं का? भेटीला गोड बोलणारा मालकच लग्नाच्या दिवशी हजर असणार की हाताखालचा मुलगा पाठवणार, तेही विचार आणि ते नाव करारात घाल. पैसे टप्प्याटप्प्याने दे, शेवटचा हप्ता लग्नानंतर, सगळी बिलं जुळल्यावर. आणि त्याला तुमच्या घराचं नीट सांग. कान पिळायला कोण, विहिणींची पंगत आधी की मागून, कुठल्या आत्याला पुढची खुर्ची. त्याला हे आपोआप कळणार नाही, पण सांगितलंस तर चांगला प्लॅनर ते मुहूर्ताइतकंच काटेकोर पाळतो.

मावशी: मग जागा बघायला कधी येऊ?

भाची: ज्याला ठरवशील त्याच्याबरोबरच ये, आणि मुहूर्ताच्या वेळेलाच त्या हिरवळीवर उभी राहा, म्हणजे ऊन कुठून येतं ते कळेल. काकांनाही आण. खोलीपासून मांडवापर्यंत त्यांना चालवून बघ. जिथे त्यांचा गुडघा थांबेल, तिथे प्लॅनरला म्हण, इथून पुढे बग्गी हवी, आणि ती बिलात किती रुपयांची ते आत्ताच लिहा.