व्हॉलीबॉलमधील पहिला चेंडू

शालेय सामने पाहावयास जमलेले लोक टाळ्या वाजवितात त्या स्मॅशला. एखादा उंच मुलगा जाळीजवळ उडी घेतो, हात मागें खेंचतो आणि प्रतिपक्षाच्या अंगणांत चेंडू असा आपटतो कीं धूळ उडते. मग मैदानाभोंवतीं जो गलका होतो त्यांत, तो चेंडू जाळीपर्यंत कोणी आणून दिला, हें विचारण्याचें कोणास भान राहत नाहीं. साहजिकच हा खेळ शिकूं लागलेल्या प्रत्येक मुलास प्रथम स्मॅश मारावासा वाटतो. विद्यार्थिमित्रांनो, या इच्छेंत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु तालुक्याच्या सामन्यांतून जिल्ह्याच्या, तेथून लातूर विभागाच्या व पुढें राज्याच्या सामन्यांपर्यंत ज्यांना मजल मारावयाची आहे, त्यांनीं आपला बहुतेक सराव कशावर खर्च करावा, हा प्रश्न निराळा आहे. माझें उत्तर असें कीं, तो प्रतिपक्षाकडून येणाऱ्या पहिल्या चेंडूवर खर्च करावा.

याचें कारण खेळाच्या रचनेंतच आहे. फुटबॉल खेळणारा चेंडू पायाशीं घोळवीत क्षणभर विचार करूं शकतो. बास्केटबॉलमध्यें तो हातांत धरतां येतो. हुतूतूंत चढाई करणारास दम पुरेल तोंवर संधि शोधतां येते. व्हॉलीबॉलमध्यें चेंडू धरणें हाच अपराध होय. संघास तीन स्पर्श मिळतात. ब्लॉकचा प्रसंग सोडल्यास एकाच खेळाडूस लागोपाठ दोनदां चेंडू खेळतां येत नाहीं. त्यामुळें प्रत्येक स्पर्शाचें भवितव्य त्याच्या आधींच्या स्पर्शावर अवलंबून राहतें. पहिला चेंडू चार पावलें बाजूस गेला कीं लिफ्ट देणारास धांवावें लागतें. धांवत दिलेली लिफ्ट जाळीपासून दूर पडते. आणि दूर पडलेला चेंडू, स्मॅशर कितीहि बलवान् असला तरी, नुसता पलीकडे ढकलण्यावांचून त्यास गत्यंतर राहत नाहीं. पाहणारास चूक स्मॅशरची वाटते. ती दोन स्पर्श आधींच झालेली असते.

या खेळाचा जन्म ख्रिस्ती संस्थेच्या व्यायामशाळेंत झाला, ही गोष्ट आपल्या शाळेंतील वाचकांस ठाऊक असावी. १८९५ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत होलियोक येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या व्यायामशाळेचा चालक विल्यम मॉर्गन यानें तो काढला. त्याआधीं चार वर्षें जवळच्याच स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ यानें बास्केटबॉल काढलेला होता. पण प्रौढ व्यापारी मंडळींना त्यांतील धांवाधांव झेपेना. तेव्हां मॉर्गननें साडेसहा फूट उंचीवर जाळी बांधली आणि चेंडू हातांनीं टोलविण्याचा एक सौम्य खेळ सिद्ध केला. त्याचें पहिलें नांव ‘मिंटोनेट’ असें होतें. ‘व्हॉलीबॉल’ हें नांव पुढल्या वर्षीं आल्फ्रेड हालस्टेड यानें सुचविलें. असोसिएशनच्या शाखांबरोबर खेळ आशियांत आला. फिलिपाइन्समध्यें एकानें चेंडू उंच उचलून द्यावा आणि दुसऱ्यानें तो वरून मारावा ही रीत रूढ झाली, आणि व्यापाऱ्यांचा विरंगुळा तेथेंच संपला. आपल्या देशांत हॅरी क्रो बक यानें १९२० मध्यें मद्रास येथें असोसिएशनचें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें. तेथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांचा अशा खेळांच्या प्रसारास मोठा हातभार लागला. व्हॉलीबॉलची अखिल भारतीय संघटना १९५१ मध्यें स्थापन झाली. पुढें १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत भारतीय पुरुषसंघानें रौप्यपदक व १९८६ मध्यें सेऊल येथें कांस्यपदक मिळविलें. मॉर्गनचा सौम्य खेळ एवढा कठीण कसा झाला, हें थोड्याशा गणितानें समजेल.

मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असतें. शेवटच्या रेषेमागून केलेली सर्व्हिस ताशी ६० किलोमीटर वेगाची धरली, तर ती एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. म्हणजे घेणारापर्यंत पोहोंचण्यास तिला सुमारें एक सेकंद लागतो. एवढ्या अवधींत चेंडू कोठें येणार हें ओळखावयाचें, तेथें जावयाचें, थांबावयाचें आणि हात मांडावयाचे. चेंडू जाळीवरून आल्यावर जो हलूं लागतो, त्याच्यापाशीं अर्धा सेकंद उरलेला असतो, आणि तो पुरत नाहीं. म्हणून चांगला घेणारा सर्व्हिस करणाराकडे आधींपासून पाहत असतो. त्याचा खांदा कोणत्या दिशेस वळला आहे? त्यानें चेंडू किती उंच फेंकला? मनगट वळवून मारलें असेल तर चेंडू पुढें फिरत येतो व जाळी ओलांडल्यावर झपाट्यानें खालीं उतरतो. तळहात ताठ ठेवून मारलें असेल तर तो न फिरतां येतो. हा न फिरणारा चेंडू, ज्यास फ्लोट म्हणतात, अधिक फसवा. त्याच्या शिवणींवरून व सांध्यांवरून हवा सारखी वाहत नाहीं, त्यामुळें तो वाटेंत डावीकडे, उजवीकडे किंवा एकाएकीं खालीं सरकतो. त्यावर उपाय एकच : त्याच्या समोर लवकर पोहोंचावें आणि अखेरपर्यंत दृष्टि काढूं नये.

हात मांडण्याविषयीं पुस्तकांतून पुष्कळ लिहिलेलें असतें. त्यांतील मुद्द्याची गोष्ट अशी कीं, कोपरें सरळ, अंगठे शेजारीं शेजारीं, आणि चेंडू मनगट व कोपर यांच्यामधील सपाट भागावर घ्यावा. हा सपाट भाग म्हणजे एक फळी समजा. फळी ज्या दिशेस कलली असेल त्या दिशेस चेंडू जाईल. जोराचा चेंडू आला तर हात उलट उडवूं नयेत. त्याच्यापाशीं जोर आहेच. हळू चेंडू आला तर गुडघे सरळ करून अंगानें त्यास वर न्यावें. आणखी एक खोड फार आढळते : मुलें हात आधींच जोडून धांवतात. जोडलेल्या हातांनीं धांवून पाहा, म्हणजे आपण किती हळू धांवतों हें कळेल. हात पोहोंचल्यावर जोडावे.

पास हातांवर दिसतो, पण तो घडतो पायांत, आणि या बाबतींत आपल्या जिल्ह्यास एक देणगी लाभलेली आहे. धाराशिव जिल्ह्यांत खोखो चांगला रुजला आहे. भारतीय संघाचें नेतृत्व केलेल्या सारिका काळे याच जिल्ह्याच्या, आणि २०२० मध्यें त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खोखोंत पळणारास गुडघे वांकवून, अंगाचा तोल पुढच्या चवड्यांवर ठेवून, एका पावलांत दिशा बदलावी लागते आणि तितक्याच एकाएकीं थांबावें लागतें. सर्व्हिस घेणारास याहून दुसरें काय पाहिजे? व्हॉलीबॉलच्या सरावापूर्वीं मैदानाला निष्कारण पांच फेऱ्या मारण्यापेक्षां दहा मिनिटें खोखो खेळावा, असें मला वाटतें. फेऱ्यांनीं दम वाढतो खरा. पण व्हॉलीबॉलमधील धांव फार तर चार पावलांची असते.

दुसरी एक संवय मात्र मोडावी लागते. महाराष्ट्राच्या खेड्यांतून शूटिंग व्हॉलीबॉल आवडीनें खेळतात. त्यांत जोडलेल्या हातांनीं चेंडू जोरानें पलीकडे धाडण्यास महत्त्व असतें. तो खेळ खेळून आलेल्या मुलास चेंडूची भीति नसते, आणि त्याचे बाहु तयार असतात. हा लाभ मोठा आहे. पण तो येणाऱ्या प्रत्येक चेंडूस मारूं पाहतो. त्यास शिकवावें लागतें तें चेंडूचा जोर काढून घेणें, आणि हें शिकण्यास एखादें वर्षहि लागूं शकतें. शिक्षकांनीं येथें घाई करूं नये, व त्या मुलास हिणवूं तर मुळींच नये.

उंची नाहीं म्हणून हा खेळ सोडून देणारीं मुलें, आणि विशेषतः मुली, पुष्कळ असतात. त्यांनीं जपानच्या महिलासंघाचा वृत्तांत जाणून घ्यावा. निचिबो नांवाच्या कंपनीची काइझुका येथें सूतगिरणी होती. तेथील कामकरी मुलींचा संघ हिरोबुमि दाइमात्सु यांनीं तयार केला. रशियन मुली त्यांच्याहून उंच व बलवान् होत्या. जाळीवर त्यांच्याशीं बरोबरी होणें अवघड होतें. तेव्हां दाइमात्सु यांनीं चेंडू जमिनीस लागूंच द्यावयाचा नाहीं, असा निश्चय केला. दूरच्या चेंडूवर झेंप घ्यावी, तो उचलावा, त्याच ओघांत जमिनीवर लोळून पुन्हा पायांवर उभें राहावें, ही युक्ति त्यांनीं मुलींकडून इतकी घोटून घेतली कीं ती पुढें जगभर शिकविली जाऊं लागली. १९६२ मध्यें मॉस्को येथें या संघानें जगज्जेतेपद मिळविलें. व्हॉलीबॉलचा ऑलिंपिकमध्यें प्रथम प्रवेश झाला तो १९६४ सालीं टोकियो येथें. तेथें ज्या संघानें रशियाचा सरळ तीन डावांत पराभव करून सुवर्णपदक जिंकलें, त्यांत बहुतेक याच गिरणीच्या मुली होत्या. दिवसाचें काम आटोपून त्या मध्यरात्रीपर्यंत सराव करीत. ही कठोरता शाळकरी मुलांनीं अनुकरावी असें मी म्हणणार नाहीं. झोंप व अभ्यास बुडवून केलेला सराव त्या वयांत पचत नाहीं. घ्यावयाचें तें एवढेंच कीं, उंचीची उणीव पहिल्या चेंडूवर भरून काढतां येते. पुढें १९९८ मध्यें आंतरराष्ट्रीय नियमांत लिबेरो हा खास बचावाचा खेळाडू आला, तेव्हां तर बुटक्या व चपळ खेळाडूस संघांत स्वतःची जागाच मिळाली.

स्मॅशविषयीं थोडेंच लिहितों. भारतांत या खेळांत सर्वांत गाजलेलें नांव जिमी जॉर्ज यांचें. ते केरळांतील कण्णूर जिल्ह्यांतील पेरावूरचे. पुढें इटलींत जाऊन ते तेथील संघाकडून खेळले, आणि १९८७ मध्यें तेथेंच मोटार अपघातांत वयाच्या ३२ व्या वर्षीं वारले. त्यांच्या उडीची वर्णनें लोक अजून सांगतात. मला मात्र त्यांच्या घरची एक गोष्ट अधिक विचारांत घेण्याजोगी वाटते : ते आठ भाऊ, आणि आठहि जण व्हॉलीबॉल खेळत. चेंडू टाकून देणारा जोडीदार त्या घरांत कधीं शोधावा लागला नसेल! उडी ही पुष्कळशी उपजत असते. हजार वेळां चेंडू टाकून देणारा सोबती ही मिळवावयाची वस्तु आहे.

उड्यांचा अतिरेक करूं नये. या खेळांतील सर्वांत नेहमींची दुखापत घोट्याची, आणि ती बहुधा जाळीखालीं होते : ब्लॉक करून उतरतांना पाय दुसऱ्याच्या पायावर पडतो. म्हणून सरळ वर उडावें, पुढें झेंपावूं नये, आणि दोन्ही पायांवर गुडघे वांकवून उतरावें. वाढत्या वयांत गुडघ्याच्या वाटीखालीं दुखूं लागल्यास तें लपवून खेळण्यांत शौर्य नाहीं. उड्या थांबवून डॉक्टरांस दाखवावें. पास देण्याच्या सरावास उडी लागत नाहीं, तो बहुधा चालू ठेवतां येतो.

आपण जो पहिला चेंडू एवढ्या कष्टानें घ्यावयास शिकतों, तोच प्रतिपक्षास अवघड करणें म्हणजे सर्व्हिस. पूर्वीं ज्या संघाची सर्व्हिस असे त्यासच गुण मिळे. सर्व्हिस जाळींत गेली तर पाळी जाई, गुण जात नसे. १९९९ पासून प्रत्येक चेंडूवर गुण मोजला जातो. डाव २५ गुणांचा. संघाच्या पांच सर्व्हिस बाहेर गेल्या, तर डावाचा पांचवा हिस्सा आपण होऊन देऊन टाकला. यास्तव आधीं दहांपैकीं नऊ सर्व्हिस आंत पडूं द्याव्या, जोर मागाहून वाढवावा. नेम धरावयाचा तो दोन घेणारांच्या मधल्या जागेवर, कारण ‘तूं घे, मीं घेतों’ या घोळांत कित्येक गुण पडतात. आपल्या बाजूस हा घोळ टाळण्यासाठीं चेंडू घेणारानें ‘माझा’ असें मोठ्यानें ओरडावें. लाजाळू मुलांस हें फार जड जातें, पण तेंहि शिकावेंच लागतें.

उमरग्याच्या परिसरांतील जमीन काळी. पावसाळ्यांत ती पायांस चिकटते, उन्हाळ्यांत भेगाळते. दोन्हीं प्रकारीं घोटे मुरगळतात. तिच्यावर मुरूम पसरून, पाणी शिंपडून, रूळ फिरविला तर मैदान बरेंच टिकतें. मैदानाची लांबी दक्षिणोत्तर ठेवावी, म्हणजे मावळतीचा सूर्य एका संघाच्याच डोळ्यांवर येत नाहीं. चेंडूचा घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर व वजन २६० ते २८० ग्रॅम असावें असा नियम आहे. पंप हातीं आला कीं मुलें तो दगडासारखा कठीण करतात; अशा चेंडूनें हात लाल होतात, आणि नवशिका मुलगा मग हात आंखडूं लागतो. ती खोड पुढें लवकर जात नाहीं.

पुष्कळ शाळांपाशीं चांगला चेंडू एकच असतो. तेवढ्यावरहि भागवितां येतें. एकट्या मुलानें शाळेच्या भिंतीवर आपल्या डोक्याहून हातभर उंच एक खडूची रेघ मारावी आणि तीन पावलें दूर राहून चेंडू तिच्या वर, दोन्ही बाहूंवर घेऊन, पुन्हा पुन्हा मारावा. बारा मुलें असतील तर समोरासमोर सहा सहांच्या दोन रांगा कराव्या. पास दिला कीं त्या मुलानें धांवत समोरच्या रांगेच्या शेवटीं जावें. सर्वांनीं मिळून मोठ्यानें मोजावें. प्रथम दहासुद्धां होत नाहींत. चेंडू जमिनीस लागला कीं मोजणी पुन्हा एकापासून सुरू करावी, आणि पन्नास झाल्यावांचून त्या दिवशीं जाळी बांधूं नये.