डीपी म्हणजे दिल्ली पोलीस नव्हे

जुन्या लष्करी रायफलीवर अनोळखी शिक्का दिसला की विकणाऱ्याकडे त्याची एक कहाणी तयार असते, आणि त्या कहाणीचे पैसेही तो लावतो. अमेरिकेत ईशापूरच्या कारखान्यातल्या थ्री-नॉट-थ्री रायफली अजून प्रदर्शनांत विकायला येतात. (भारतात हे बोअर साध्या परवान्यावर मिळतच नाही, म्हणून ही हौस इकडचीच.) पेनसिल्व्हेनियातल्या अशाच एका प्रदर्शनात आमच्या मराठी मंडळातला एक तरुण मला हट्टाने घेऊन गेला. पणजोबा फौजेत होते, तशीच बंदूक त्याला हवी होती.

रायफल देखणी होती. बोल्टच्या खाली, बटाच्या लोखंडी सॉकेटवर मुकुट, जीआरआय ही सम्राट जॉर्जची अक्षरं, ईशापूर आणि साल. (स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह दिसतात.) पण चेंबरवर आणि लाकडावर ठळक ‘डीपी’ ठोकलेलं होतं. विक्रेता म्हणाला, “दिल्ली पोलीस. दुर्मिळ आहे.”

पण एनसीसीत शस्त्रागारातून (कोतमधून) परेडसाठी मिळणाऱ्या रायफलींवर हीच दोन अक्षरं असायची: ड्रिल पर्पज, निव्वळ कवायतीसाठी. मी बोल्ट काढून बघितला. फायरिंग पिनचं टोक घासून बोथट केलेलं. अशा रायफलींत कधी चेंबरला आरपार भोक पाडलेलं असतं आणि ते लाकडाखाली झाकलं जातं. कुणी नवी पिन बसवून गोळी झाडली, तर भडका चेहऱ्यावर येईल. लाकूड उतरवून दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर पुढे बोलूच नये. हा नव्हता. उलट पन्नास डॉलर कमी करतो म्हणाला!

अशा आणखीही खुणा असतात. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळून डाख दिलेला असेल, तर ती रायफल नळीवर कप बसवून ग्रेनेड फेकायला वापरायची. नळी फुटलीच तर लाकडाचे तुकडे उडू नयेत म्हणून ती तार. त्या धक्क्यांनी थकलेल्या रायफलीत पुन्हा गोळी भरायला मी तरी सांगणार नाही. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा असेल, तर ती पोलिसांसाठी केलेली, एका वेळी एकच काडतूस घेणारी ४१० मस्केट. तिच्या नळीत पेच नसतात. दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असतील, तर फौजेने ती विकून टाकली, एवढाच अर्थ.

शिक्के वाचून झाले की नंबर जुळवा. बॉडी आणि बोल्टच्या दांड्यावरचा नंबर वेगळा असेल, तर गनस्मिथकडून हेडस्पेस गेज लावून घेतल्याशिवाय गोळी भरू नका. काडतुसाचं नावही रायफलीवरच वाचा. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने याच घडणीच्या २ए आणि २ए१ काढल्या, पण त्या ७.६२ च्या. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. चौकोनी मॅगझिन हीच चटकन पटणारी खूण, आणि मॅगझिन तर कुणीही बदलतं.